कंत्राटी शेळी

पंख्याचं बटण दाबू नका, अशी चिठ्ठी स्नेहलनं स्वतःच्या हातानं बटणावर चिकटवली होती. तुकाआत्यानं चिठ्ठी वर उचलली आणि बटण दाबलं. पंखा फिरला. त्याच्यासोबत छताला टांगलेला आरशांचा गोळाही फिरला आणि लाल-हिरवे ठिपके सगळ्या खाटांवरून, सलाइनच्या स्टँडवरून, सगुणाबाईच्या पांढऱ्या केसांवरून पळायला लागले.

“आत्या!”

“अगं, उकडतंय पेशंटास्नी.”

“आज तपासणी हाय. सरकारी बाई यायच्यात. त्यांनी हे बघितलं तर काय म्हणतील?”

“म्हणतील, बरं हाय. मास्तरांना आवडतंय बघ.”

शेजारच्या खाटेवरचे निवृत्त मास्तर खरंच डोळे मोठे करून एका हिरव्या ठिपक्याच्या मागं लागले होते. स्नेहलनं बटण बंद केलं. पंख्याची आणि गोळ्याची वायर एकच होती. ती वेगळी करून देतो म्हणणारा वायरमन दिवाळीपासून ‘आलोच’ म्हणत होता.

हा हॉल मुळात दत्ताभावजींचा. म्हणजे जागा दादासाहेब ढमाल्यांची, पण त्यांच्या थोरल्या मुलानं, दत्तानं, इथं ‘निवांत फार्म’ काढलं होतं. हिंजवडीची पोरं शनिवारी यायची, तलावात उड्या मारायची, रविवारी डोकी धरून जायची. मग सासूबाई गेल्या. पुण्यात, काचेपलीकडं, नळ्यांमध्ये. दिवस घातले त्याच संध्याकाळी दादासाहेबांनी जाहीर केलं, की ही जागा आता धाकटी सून, स्नेहल, चालवणार. ती नर्स हाय. ज्यांच्यावर आता औषधपाणी चालत न्हाई, अशी माणसं हितं निवांत ऱ्हातील.

दत्ता तेव्हापासून फुगलेला होता. त्याची समजूत काढायला दादासाहेबांनी सगळ्यांसमोर दुसरा निकाल दिला: सरकारी नोंदणी टिकली तर जागा स्नेहलची, न टिकली तर दत्ताची. तोवर घरातलं कुणी उपाशी नको, म्हणून चादरी धुण्याचं कंत्राट दत्ताला आणि स्वयंपाकाचं स्वतःच्या बहिणीला, तुकाबाईला. त्यामुळं केंद्र बंद पडावं म्हणून देव पाण्यात घालून बसलेला माणूसच केंद्राच्या चादरी धूत होता.

“सगुणामावशी, दुखतंय का?” स्नेहलनं वाकून विचारलं.

“दुखतंय की. पन मघापरीस कमी.” सगुणाबाईनं खिडकीकडं बोट केलं. “ते बघ, आमचं म्हातारं मेंढरं राखायच्या नावाखाली कसं ऱ्हायलंय उभं.”

बाहेर कापलेल्या भातखाचरात तिचा नवरा भैरू काठीवर हनुवटी टेकून उभा होता आणि त्याच्याभोवती मेंढरं धसकटं खात होती. त्यांच्या वाड्यातले, म्हणजे तांड्यातले, बाकीचे धनगर कधीच ताम्हिणी घाट उतरून कोकणात गेले होते. पोटातल्या गाठीनं सगुणाबाई अंथरुणाला लागली आणि भैरू मागं राहिला, या एका खिडकीसाठी. नोंदणी गेली तर पेशंट शहरात हलवायचे होते. शहरातल्या खिडकीतून काय दिसतं, ते स्नेहलला चांगलं माहीत होतं. तिनं चिठ्ठी पुन्हा चिकटवली आणि वर अंगठ्यानं दाबून धरली.

दत्ता त्या वेळी मागच्या बाजूला, पोहण्याच्या तलावात उभा होता. तलावात पाणी नव्हतं. निळ्या फरशीवर तुकाआत्यानं इंद्रायणीचं भात वाळत घातलं होतं, आणि वरून, या काठापासून त्या काठापर्यंत, दत्तानं दोऱ्या ताणून चादरी टाकल्या होत्या. ही वहिवाट दोघांनाही मान्य नव्हती. चादरींचं पाणी भातावर गळतं, असं आत्याचं म्हणणं. भाताची कुसळं चादरींना चिकटतात, असं दत्ताचं. पण गावात ऊन सगळ्यात जास्त वेळ तिथंच असायचं, त्यामुळं हटायला कुणीच तयार नव्हतं.

काठावर एक बाई येऊन उभ्या राहिल्या. खांद्याला पिशवी, चपलांना चिखल. मोबाइलच्या नकाशानं त्यांना चांदे गावाकडून कुठल्या तरी शेतातून आणून सोडलं होतं. शहरातली बाई बघून दत्तातला जुना धंदेवाला जागा झाला.

“या की ताई. बड्डे हाय का गेट-टुगेदर?”

“म्हणजे?”

“पूल भरून देतो आपन. हे भात उचलतो. रेन डान्सचे नळ अजून चालू हायेत.”

“इथं पेशंट असतात ना?”

“हायेत तूर्तास.” दत्तानं आवाज खाली आणला. “पन ती जाणारीच हायेत.”

बाईंनी पिशवीतून पेन काढलं. “कुठं जाणारी?”

“आता ते काय आपल्या हातात हाय का, ताई?”

“मी शुभांगी काळभोर. या केंद्राच्या तपासणीला आलेय. आपण कोण?”

खालच्या भातात आडवं व्हावं आणि वरची चादर अंगावर ओढून घ्यावी, असं दत्ताला वाटलं. पण तेवढ्यात काळभोर मॅडमनी एक चादर हातात घेतली, चुरगाळून पाहिली, आणि तळहात खाजवला. मग मनगट खाजवलं. मग मान.

“या चादरी आतल्या खाटांवर जातात?”

“व्हय. धुण्याचं कंत्राट माजंच हाय.”

“अंगाला खाज सुटते अशी एका नातेवाइकाची तक्रार आहे. बरोबरच आहे.”

आता दत्तानं एवढंच म्हणायचं होतं, की व्हय मॅडम, चूक झाली. मग जागा त्याची होती. नळ चालू होते. पण त्याच्या डोळ्यांपुढं पौडचा एसटी स्टँड उभा राहिला, आणि तिथली माणसं एकमेकांना सांगताना दिसली, की दत्ता ढमाल्याच्या चादरीनं केंद्र बंद पडलं. केंद्र पडावं, पण ते आपल्या चादरीवरून पडू नये, एवढीच त्याची इच्छा होती.

“चादरीत दोष न्हाई,” तो ताठ होऊन म्हणाला. “दोष खालच्या भातात हाय. भात आत्याचं हाय.”

“काय म्हनालास?” तुकाआत्या स्वयंपाकघराच्या दारात पळी घेऊन उभी होती. “माजं भात खाजवतंय? दत्त्या, ह्याच भातावर वाढलास ना रं?”

“तवाबी खाजवायचं! बोललो न्हाई!”

“मॅडम, हा निरम्याच्या जागी चुलीतली राख घालतोय का बघा आधी!”

“मॅडम, हिची आमटी चाखा आधी, मग माजी चादर बघा!”

दोघंही मॅडमकडं वळले. “तुमीच सांगा,” आत्या म्हणाली, “ह्यात जबाबदार कोण?”

“स्नेहल ढमाले,” मॅडम कोपर खाजवत म्हणाल्या.

“तिचा काय संबंध?”

“नवीन नियमावलीत तेच आहे. कंत्राटी सेवा कुणीही देऊ दे, जबाबदारी केंद्राचीच. चूक तुम्ही करायची, उत्तर त्यांनी द्यायचं.”

आत्याची पळी खाली आली. स्नेहल आत कुणाची तरी पाठ पुसत असेल, आणि इकडं आपण दोघं तिच्या नावावर एक-एक चूक चढवतोय, हे तिला एकदम दिसलं. दत्तालाही दिसलं असावं, कारण तो दोरीवरच्या चादरीचा कोपरा उगाच सरळ करायला लागला. चादर बाजूला झाली आणि पलीकडं, भाताच्या मधोमध उभी राहून, एक शेळी मन लावून जेवत होती.

“हरणे!” आत्या किंचाळली आणि पळी घेऊन तलावात उतरली.

दादासाहेब सकाळपासून पुढच्या फाटकाशी खुर्ची टाकून, नवी टोपी घालून, हातात नारळ घेऊन बसले होते. सरकारी माणूस मागच्या दारानं येईल, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. आरडाओरडा ऐकून ते हॉलमध्ये पोचले तेव्हा हरणी स्वयंपाकघरातून आत शिरून सगुणाबाईच्या खाटेवर चढली होती. मागून आत्या आली, दत्ता आला, आणि घामाघूम झालेल्या मॅडम आल्या. मॅडमनी वाऱ्यासाठी भिंतीवरचं पहिलं बटण दाबलं. चिठ्ठी त्यांच्या बोटाखालीच होती.

आरशांचा गोळा फिरायला लागला. शेळीच्या अंगावरून लाल ठिपका गेला, मग हिरवा गेला. 

“ही शेळी,” मॅडमनी अखेर विचारलं, “कोणत्या सेवेत येते?”

स्नेहलनं तोंड उघडलं. ती खरं सांगणार, हे दादासाहेबांनी ओळखलं. बांधाच्या दाव्यात त्यांची अर्धी हयात पौडच्या कोर्टात गेली होती आणि तिथून त्यांनी एकच शिकवण घेतली होती, की सरकारपुढं गप्प बसला तो हरला.

“कंत्राटी सेवेत,” ते म्हणाले.

“कसली सेवा?”

“मनाला आराम देणारी. परदेशात कुत्री ठेवत्यात म्हणं. आमी शेळी ठेवलीय.”

“कंत्राटदार कोण?”

“भैरू.”

शेळी शोधत आलेला भैरू दारातच थबकला. “मी?”

“त्यांची पात्रता?”

“जलमल्यापासनं धनगर हाय.”

“लेखी करार?”

“व्हतोय.”

“आणि या सेवेवर देखरेख कोण करतं?”

दादासाहेबांनी स्नेहलकडं पाहिलं, स्नेहलनं जमिनीकडं.

“मी करतीया,” खाटेवरून आवाज आला. सगुणाबाई उशीवर कोपर रोवून उठायला बघत होती. “दादासाहेब, माज्या शेळीला नोकरी लावताय व्हय? मला इचारलं न्हाई ते न्हाई. तिला तरी इचारलं का?”

आणि ती हसायला लागली. हसताना पोट दुखायचं, म्हणून तिनं पोट दोन्ही हातांनी धरलं, आणि धरून हसली. मास्तर हसले. भैरू तोंडावर घोंगडी धरून हसला. दादासाहेबांनी पाहिलं, स्नेहल शेळीकडं बघत नव्हती, मॅडमकडं बघत नव्हती. ती फक्त सगुणाबाईच्या तोंडाकडं बघत होती, आणि डोळे पुसत होती.

मॅडम स्टूल ओढून खाटेशी बसल्या. “सगुणाबाई, हसणं झालं की मला सांगा. औषध वेळेवर मिळतं?”

“मिळतंय. हाक मारायच्या आदी येती ही पोरगी.”

“मनाला आधार म्हणून दादासाहेब रोज येऊन बसतात असं कळलं. काय सांगतात?”

“बांधाचा दावा सांगत्यात.”

“त्यानं बरं वाटतं?”

“लई झोप लागती.”

दादासाहेबांनी टोपी सारखी केली. मॅडमच्या ओठांचा कोपरा हलला, पण त्यांनी तो जागेवर आणला. “आणि ही शेळी तुमच्याकडं का आली?”

“भेटाय. रोज येती. दारातनं बघती आन् जाती. आज आत्याबाई पळी घिऊन मागं लागल्या, म्हून भिऊन वर आली. ल्हान असताना माज्याच हातच्या बाटलीतल्या दुधावर वाढलीय ती.”

“भेटायला,” मॅडम म्हणाल्या आणि लिहिलं. मग दादासाहेबांकडं वळल्या. “नसलेलं कंत्राट सांगितलंत, ते मी ऐकलं नाही असं समजते. पेशंटला भेटायला येणाऱ्यांना अडवू नये, असं नियमात आहे. येणारा माणूसच असावा, असं लिहिलेलं मला तरी आठवत नाही. लस टोचलीय का हिला?”

“टोचलीया,” भैरू म्हणाला.

“मग दाराशी भेटायचं. खाटेवर नाही.”

“सांगते तिला,” सगुणाबाईनं शब्द दिला.

ओसरीवर चहा आला. भात आणि चादरी एका जागी वाळवायच्या नाहीत, एवढं मॅडमनी लिहून दिलं. आमटीही चाखली. मग पाणी दोनदा मागितलं. दत्ता खांबाला टेकून उभा होता. सगळं स्नेहलच्या बाजूनं चाललं होतं आणि त्याला राग यायला हवा होता. तो यावा म्हणून तो वाट बघत होता.

“एकच राहिलं,” मॅडम म्हणाल्या. “स्नेहलताई नसतील तेव्हा इथं जबाबदार कोण? नेमलेली व्यक्ती लागते.”

“मी असतेच,” स्नेहल म्हणाली.

“झोपता कधी?”

 स्नेहलच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं दत्तानं तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिली. तिनं नवऱ्याला फोन लावला. अमोल हिंजवडीला मीटिंगमध्ये होता आणि दबक्या आवाजात म्हणाला, की नंतर बोलतो.

“मी हाय की,” दादासाहेब म्हणाले.

“तुम्हाला नीट ऐकू येतं ना?” मॅडमनी हळू विचारलं.

“काय?”

तुकाआत्या पुढं झाली, पण ती कंत्राटदार. जिच्यावर देखरेख करायची, तीच देखरेख कशी करणार?

“मग मला शिफारस करता येणार नाही,” मॅडमनी पेनाला टोपण लावलं. “पेशंट हलवावे लागतील. हे सांगताना मलाही बरं वाटत नाहीये.”

दत्तानं फक्त गप्प राहायचं होतं. मॅडमच्या कपातला चहा संपेपर्यंत.

“ह्या नेमलेल्या माणसाला,” त्यानं विचारलं, “काय काय बघावं लागतंय?”

“सगळ्या कंत्राटी सेवा.”

“सैपाकबी?”

“स्वयंपाकही.”

“म्हंजे आमटी खारट झाली, तर त्येनं इचारायचं?”

“विचारलंच पाहिजे. लेखी.”

“आन् आत्यानं उत्तर द्यायचं?”

“लेखी.”

दत्तानं आत्याकडं पाहिलं. लहानपणापासून या बाईच्या आमटीबद्दल ढमाल्यांच्या घरात कुणी चकार शब्द काढलेला नव्हता. “माजं नाव घाला,” तो म्हणाला.

“आत्ता गं बया!” आत्या मटकन खाली बसली.

“तुम्हाला धुण्याचं कंत्राट सोडावं लागेल.”

“सोडलं.”

“मग धुनं मला द्या!” आत्या तशीच उठली. “चादर कशी आसती ते दावतेच ह्याला. आन् भात हलवते माडीवर, घ्या!”

मॅडम गेल्यावर स्नेहल त्याच्याजवळ आली. “भावजी, तुमी गप्प बसला असता तर जागा तुमची होती.”

“व्हय.”

“मग?”

दत्तानं खांबाचा रंग नखानं खरवडला. “आईच्या टायमाला काचंबाहेर हुबा ऱ्हायलो. तिला तहान लागली होती. ओठ हलत व्हते. कुणाला इचारायचं, तेच कळंना. ज्याला त्याला इचारलं, ज्यो त्यो म्हनला, माजं काम न्हाई.” त्यानं नखाखालचा रंग झटकला. “आन् आमटी खरंच लई खारट आसती गं.”

पुढच्या आठवड्यात स्नेहल कामासाठी पौडला गेली, आणि दुपारी दत्ता पहिल्यांदा एकटा जबाबदार झाला. त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता. सगळ्या खाटांवरून फिरून त्यानं सगळ्यांना विचारलं, काही पायजे का. मास्तरांना काही नको होतं. सगुणाबाईला पाहिजे होतं.

“मला खाचरात ने,” ती म्हणाली. आता तिचा आवाज अगदी तोंडाशी कान नेल्याशिवाय ऐकू येत नव्हता.

“मावशी, तितं धसकटं हायेत. ऊन हाय.”

“तुला जबाबदार केलाय ना रं? मग ने.”

दत्तानं स्नेहलला फोन लावला. “औषध दिलंय ना?” तिनं विचारलं. “मग न्या. घोंगडी घाला. सावकाश.”

हॉलची मोठी दारं उघडून त्यानं खाट चाकांवर बाहेर काढली. बांधापर्यंत ती गेली आणि तिथं रुतली. दत्तानं जोर लावला, दादासाहेबांनी सूचना दिल्या, तुकाआत्यानं ओल्या हातांनी मागून ढकललं. खाट हलेना. शेवटी दत्तानं सगुणाबाईला उचललं. भाताच्या पेंढीला सुद्धा याहून जास्त वजन असतं, असं त्याच्या मनात आलं आणि त्यानं पाय जपून टाकला. आत्यानं खुर्ची आणली, घोंगडी अंथरली.

मेंढरं वळून बघायला लागली. भैरू काठी टाकून पुढं आला आणि आरोपीसारखा उभा राहिला. सगुणाबाईनं सगळ्या कळपावरून नजर फिरवली. खूप वेळ फिरवली.

“आवं,” ती म्हणाली, “ती लंगडती हाय.”

“कुटं? बरी हाय की.”

“मागला डावा. दत्ता, धर तिला.”

दत्तानं आयुष्यात मेंढी धरली नव्हती. पहिल्यांदा ती सुटली. दुसऱ्यांदा तो इस्त्रीच्या शर्टासकट चिखलात बसला, पण मेंढी त्याच्या मिठीत होती. त्यानं ती खुर्चीपाशी ओढत आणली आणि तिचा खूर सगुणाबाईच्या मांडीवर टेकवला. तिनं बोटांनी खूर चाचपला.  तिनं नखानं खुराच्या फटीतून काळा काटा ओढला, उन्हात धरून बघितला आणि फेकून दिला.

“सोड.”

मेंढी चार पायांवर नीट पळत कळपात गेली. दत्ता उठायला लागला.

“बस,” सगुणाबाई म्हणाली. “आता ती काळी आन.”